ऑइलच्या डब्यावरचे कोड कसे वाचायचे: डिझेल एसयूव्ही, मोटरसायकल आणि द्राक्षबागेतला ट्रॅक्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडजवळच्या एका घरात तीन वाहने आहेत: २०२१ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, १५० सीसीची मोटरसायकल आणि द्राक्षबागेत फवारणीला चालणारा छोटा ट्रॅक्टर. गॅरेजवाल्याने तिन्हींमध्ये एकाच बॅरलमधले १५डब्ल्यू-४०, सीआय-४ ऑइल भरले आणि "नंबर दाट आहे, आपल्या उन्हाला हेच बरे" असे सांगितले. हे चालेल का? आणि डब्यावरचे बाकीचे कोड कसे समजून घ्यायचे?

ट्रॅक्टरच्या इंजिनाला ते बहुधा चालेल. मोटरसायकलला बहुधा चालणार नाही. एसयूव्हीला तर नक्कीच नाही, आणि तिथे पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल बदलून घ्या. तिघांची उत्तरे वेगळी का, हे कळले की डबा वाचता येतो.

१५डब्ल्यू-४० हा फक्त दाटपणाचा ग्रेड आहे. ऑइल किती दाट आहे एवढेच तो सांगतो. ऑइलमध्ये कोणती रसायने किती आहेत, राख किती उरेल, क्लच धरेल की घसरेल, यातले काहीही त्या आकड्यात नसते. ते सगळे मागच्या लेबलवरच्या बारीक अक्षरांत असते. आपल्याकडे नव्वद टक्के बोलणे पुढच्या मोठ्या आकड्यावर होते आणि नुकसान मागच्या बारीक अक्षरांमुळे होते.

आधी तो आकडाच नीट पाहू. 'डब्ल्यू'च्या आधीचा अंक थंडीतल्या चाचणीचा आहे. १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर आणि पंपापर्यंत पोहोचण्याची चाचणी उणे २५ अंशांवर होते. ५डब्ल्यूला हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ आहेत. निफाडमध्ये कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, उणे वीसपर्यंत कधीच नाही. म्हणजे आपल्याकडे १५डब्ल्यूने गाडी सुरू होणारच नाही असे नाही. पण पहाटे पाच अंशांना ५डब्ल्यू ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचते. इंजिनाची बरीचशी झीज थंड स्टार्टनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होते, म्हणून हा फरक आपल्या हवेतही उपयोगाचा आहे.

नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. "मालेगावच्या उन्हाळ्यात ३० नंबर पातळ पडतो" हे वारंवार ऐकू येते. बाहेर १० अंश असोत की ४२, थर्मोस्टॅट इंजिनाचे पाणी साधारण ८५ ते १०० अंशांच्या पट्ट्यातच ठेवतो. ऑइलचे तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा इंजिनावरच्या भारावर जास्त ठरते: ट्रॉली ओढताना, भरलेल्या गाडीने घाट चढताना, एक्स्प्रेसवेला सलग वेगात असताना. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४०लाही परवानगी दिली असेल, तर जास्त भाराच्या गाडीत ४० जरूर वापरा. परवानगी नसताना स्वतःच्या मनाने दाट ऑइल भरले की मायलेज पडते, टर्बोला ऑइल उशिरा मिळते आणि ज्या इंजिनात ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्ह टायमिंग चालते तिथे एरर कोड येऊ शकतो.

आता एक उदाहरण नीट पाहा, कारण सगळा विषय त्यात आहे. दुकानात ५डब्ल्यू-३०चे तीन डबे शेजारी ठेवले आहेत. एकावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी आणि इल्सॅक जीएफ-६ए लिहिले आहे. दुसऱ्यावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३. तिसऱ्यावर एसीईए ए३/बी४. पुढचा आकडा तिन्हींवर एकच, तरी ही तीन वेगळी ऑइल आहेत.

पहिले पेट्रोल इंजिनासाठी, इंधन वाचावे म्हणून बनवलेले. १५० अंशांवर जोराने घासले जात असताना ऑइलचा थर किती टिकतो याची एक चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. ३० ग्रेडला किमान २.९ पुरते आणि असली ऑइल त्याच्या आसपासच असतात. सी३ला मात्र ३.५ किंवा त्याहून जास्त लागते. ए३/बी४लाही ३.५ लागते. पण सी३मध्ये सल्फेटेड राख जास्तीत जास्त ०.८ टक्के चालते, तर ए३/बी४मध्ये ती १.० ते १.६ टक्क्यांपर्यंत असते. जुन्या, काजळी गाळणारा फिल्टर (डीपीएफ) नसलेल्या डिझेलला ए३/बी४ उत्तम. नव्या डिझेलला तेच घातक.

राख घातक का, ते समजून घ्या. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाचा गाळणारा फिल्टर असतो. त्यात अडकलेली काजळी रीजनरेशनच्या वेळी सुमारे ६०० अंशांवर जळून जाते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंकची राख मात्र कोणत्याही तापमानाला जळत नाही. ती तिथेच साठत जाते. साधा हिशेब करा: इंजिनाने दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल खाल्ले, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम. त्यात १.४ टक्के राख असेल तर १२ ग्रॅम, ०.८ टक्के असेल तर ७ ग्रॅमपेक्षा कमी. एक लाख किलोमीटरनंतर १२० ग्रॅम विरुद्ध ७० ग्रॅम. फिल्टरची जागा तेवढीच असते. राखेने जागा व्यापली की काजळीला कमी जागा उरते, रीजनरेशन लवकर लवकर होऊ लागते, मायलेज घसरते आणि शेवटी डीपीएफ काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो. डीपीएफचा खर्च पाहता ऑइलमध्ये वाचवलेले चार-पाचशे रुपये कुठेच लागत नाहीत.

बॅरलमधले सीआय-४ हे २००२च्या सुमारास आलेले एपीआयचे वर्गीकरण आहे. त्यात राखेवर मर्यादा नाही. डीपीएफचा विचार करून आलेले सीके-४ हे २०१६चे, त्यात राख एक टक्क्यापर्यंत बांधलेली आहे. तरीही सीके-४ ट्रक-बससारख्या जड इंजिनांसाठीचे आहे. तुमच्या एसयूव्हीच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिले असेल तरच भरा. बहुधा तिथे एसीईए सी२, सी३ किंवा कंपनीचा स्वतःचा कोड असेल, आणि तोच खरा. सी२ लिहिले असताना सी३ भरले तर डीपीएफ सांभाळला जातो, फक्त मायलेज किंचित कमी मिळते. उलटे करू नका: सी३ मागणाऱ्या इंजिनात सी२ किंवा सी५ भरले तर बेअरिंगवरचा थर पातळ राहतो.

एसयूव्हीतले ऑइल बदलताना फ्लशिंगचे रसायन घालायची गरज नाही. इंजिन गरम असताना, गाडी सपाट जागेवर उभी करून ऑइल सोडा आणि थेंब पडणे थांबेपर्यंत थांबा. फिल्टर बदला. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. जुना दाबून चपटा झालेला वॉशर परत वापरला की ठिबक सुरू होते, मग बोल्ट अजून आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा ३०० मिली कमी ऑइल भरा, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करून दहा मिनिटे थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेले घाला. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटर मावते, त्यामुळे अंदाज बरोबर येतो.

डिझेलच्या डिपस्टिककडे एका वेगळ्या कारणानेही लक्ष ठेवा. गाडी रोज फक्त नाशिक शहरात कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढीच फिरत असेल तर रीजनरेशन मधेच तुटते. त्या वेळी सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेले जास्तीचे डिझेल भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. मग ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली आणि डिझेलचा वास आला, तर किलोमीटर झाले नसले तरी ऑइल बदलायचे. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली तर ही अडचण बरीच टळते. डीपीएफचा दिवा लागलेला असताना तर इंजिन बंद न करता असे चालवणेच योग्य.

मोटरसायकलचा मुद्दा पूर्ण वेगळा. तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजतात. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात. इंजिनाला ती उपयोगी, क्लच प्लेटला मारक. म्हणून जपानी जासो मानकात एमए, एमए१, एमए२ आणि एमबी असे वर्ग आहेत. एमए गटातली ऑइल ओल्या क्लचसाठी, त्यातही एमए२मध्ये घर्षण सर्वांत चांगले धरते. एमबीमध्ये घर्षण कमी. ते स्कूटरच्या इंजिनाला चालते, कारण स्कूटरचा क्लच कोरडा आणि बाहेर असतो. स्कूटरला मागच्या चाकाजवळच्या गिअरचे ऑइल वेगळे असते, साधारण १०० ते १२० मिली. ते बदलायचे गॅरेजमध्ये हमखास राहून जाते, तेव्हा आवर्जून सांगा.

बॅरलवर जासो एमए लिहिलेले नसेल तर मोटरसायकलमधून ते ऑइल काढा. क्लच घसरू लागला आहे का, ते चढावर कळते: वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिला की आवाज आणि आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही. सप्तशृंगी गडाच्या घाटात दोघे बसून चढताना हे लगेच जाणवेल. सुरुवातीलाच कळले तर योग्य ऑइल भरून काही दिवसांत क्लच परत धरतो. तसेच चालवत राहिलात तर प्लेटा तापून काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग ऑइल बदलून उपयोग नाही, प्लेटा बदलाव्या लागतात. ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच ठेवा: १०डब्ल्यू-३० मागणाऱ्या गाडीत २०डब्ल्यू-५० भरून इंजिन शांत वाटते, पण तो फक्त आवाज दबलेला असतो.

ट्रॅक्टरच्या इंजिनात १५डब्ल्यू-४० सीआय-४ बसते, कारण ५० एचपीच्या आतल्या बागेतल्या ट्रॅक्टरला डीपीएफ नसतो. तिथे किलोमीटर नाही, तास मोजायचे. फवारणीत ट्रॅक्टर ओळींमधून हळू चालतो पण पीटीओसाठी (फवारणी यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट) इंजिन भारावर असते, म्हणून "फार फिरला नाही" हे कारण धरू नका. मॅन्युअलमध्ये २५० तास लिहिले असतील तर २५० तासच.

खरी चूक ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये होते. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक हे सगळे एकाच ऑइलवर चालतात. त्याला युटीटीओ म्हणतात. गिअरला दाब सोसणारे, पंपाला वाहते आणि ब्रेकला आवाज न होऊ देणारे असे तिन्ही गुण त्यात जमवलेले असतात. तिथे ९० नंबरचे साधे गिअर ऑइल ओतले की ब्रेक दाबताना कर्रकर्र आवाज येतो आणि झटके बसतात. थंडीच्या पहाटे लिफ्ट उशिरा उचलते आणि पंप घरघरतो, कारण दाट ऑइल गाळणीतून ओढले जात नाही आणि पंपात पोकळी तयार होते. जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरांत गिअर ऑइल चालत असे, त्यावरून ही सवय राहिली आहे. या हाउसिंगमध्ये मॉडेलनुसार तीस ते साठ लिटर ऑइल मावते, त्यामुळे चूक महागात जाते.

फवारणीनंतर ट्रॅक्टर प्रेशरने धुताना ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर जायचे तोंड) आणि गिअर लिव्हरच्या बुटावर पाण्याचा झोत मारू नका. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर पाणी गेले आहे. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका: तडतडला तर पाणी आहे. असे ऑइल ठेवून चालत नाही. बेअरिंगला गंज लागतो आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह अडकतात. पावसाळ्यात इगतपुरी-घोटीकडे पाण्यातून गेलेल्या जीप आणि पिकअपच्या मागच्या ॲक्सलचेही असेच तपासा.

गिअर ऑइलवरून दोन गोष्टी. त्याचे आकडे इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवर नसतात. ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल हे दाटपणाने साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढेच असते. दुसरे, गिअर ऑइलच्या वर्गांमध्ये जीएल-५ हा जीएल-४चा वरचा दर्जा नव्हे. जीएल-५मध्ये सल्फर-फॉस्फरसची दाब सोसणारी रसायने साधारण दुप्पट असतात, ती मागच्या ॲक्सलच्या क्राउन-पिनियनसाठी. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन्ही गिअरांचा वेग जुळवणारी कडी) असते. जीएल-५मध्ये ती नीट धरत नाही, गिअर टाकताना खर्रर्र होते, आणि काही जीएल-५ ऑइलमधले सल्फर गरम असताना पितळ खाते. जीएल-४ लिहिले असेल तिथे जीएल-४च. आणि एक सवय लावून घ्या: गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तो अडकलेला असेल तर ऑइल काढून गाडी तिथेच उभी राहते.

ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात: टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या प्रकारांच्या गिअरबॉक्सची ऑइल एकमेकांत चालत नाहीत. इथे "सगळ्यांना चालणारे" असे लिहिलेल्या डब्यावर विसंबू नका, कंपनीच्या कोडचेच घ्या. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा प्रकार) मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. त्याला गिअर ऑइलच लागते, आणि हायड्रॉलिक ॲक्चुएटर असेल तर त्याचे ऑइल वेगळे.

ब्रेक ऑइल हा जिवाशी गाठ असलेला भाग आहे, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. डॉट ३चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश, डॉट ४चा २३०, डॉट ५.१चा २६०. पण हे ऑइल हवेतली बाष्प शोषते. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हेच आकडे १४०, १५५ आणि १८०वर येतात. दोन-तीन पावसाळे काढलेल्या ऑइलची स्थिती अशी होते. मग कसारा घाट उतरताना, गाडी भरलेली आणि गिअर वरचा, सतत ब्रेकवर पाय असेल तर कॅलिपरमधले ऑइल उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. गार झाल्यावर पेडल परत ठीक लागते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला, फक्त टाकी भरणे म्हणजे बदलणे नव्हे. उघडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच जातीचे, पण डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते त्यांच्यात मिसळत नाही. पॉवर स्टेअरिंगचे किंवा इंजिनाचे ऑइल ब्रेकच्या टाकीत चुकून गेले तर गाडी हलवू नका: सगळे रबर फुगते आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सील बदलावी लागतात.

कूलंटचा रंग कोणत्याही मानकात ठरलेला नाही. हिरवा हिरव्यात, लाल लालमध्ये हा हिशेब धोक्याचा, कारण वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकाच रंगात मिळतात. ती मिसळली की गंजरोधक गुण लवकर संपतात आणि काही वेळा गाळ धरतो. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पापुद्रे धरतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मे डिस्टिल्ड पाणी घाला. 'रेडी टू यूज' असेल तर एक थेंबही पाणी नको. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर सुमारे १०८ अंश, आणि १.१ बारच्या टोपीखाली १२५च्या पुढे जातो. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट लागत नाही, हा समज सोडा. गंज आणि उकळी ही आपली कारणे आहेत.

एसयूव्हीला ॲडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रव) लागत असेल तर तेही सांगतो. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते, मानक आयएसओ २२२४१. खताचा युरिया पाण्यात विरघळवून हे होत नाही: त्यातल्या अशुद्धीने कॅटॅलिस्ट बाद होतो. २५ अंशांखाली ते दीड वर्ष टिकते, ३०ला वर्षभर, ३५ला सहा महिनेच. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला कॅन घेऊ नका. डिझेलच्या टाकीत गेले तर इग्निशन चालू न करता टाकी रिकामी करून घ्या.

शेवटी खरेदीबद्दल. डब्यावर 'अप्रूव्हल' आणि 'सुटेबल फॉर' हे वेगळे लिहिलेले असते. पहिल्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीने चाचणी पाहून मान्यता दिलेली असते, दुसरे ऑइल कंपनीचे स्वतःचे म्हणणे. 'फुली सिंथेटिक' हा शब्द तर मानकच नाही: सिंथेटिक ऑइल सी३ही असू शकते आणि ए३/बी४ही. एपीआयच्या गोल चिन्हात वरच्या अर्ध्या भागात सेवा-वर्ग आणि मध्ये ग्रेड असतो. पेट्रोल गाड्यांत एसपी २०२०चा आणि एसक्यू २०२५चा वर्ग आहे, आणि नवा वर्ग जुन्या पेट्रोल इंजिनाला चालतो. सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख पाहा, बिलावर ग्रेडसोबत पूर्ण कोड लिहून घ्या. गॅरेजमध्ये डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाका, म्हणजे तो परत भरून विकला जाणार नाही. सुटे ऑइल भरायचेच असेल तर बॅरलवरचे लेबल आधी वाचायला मागा. ते दाखवायला गॅरेजवाला तयार नसेल तर ऑइल स्वतः विकत घेऊन जा.